बुंदीच्या पोटाखालचं तापमान: लेपर्ड गेकोचा टँक नेमका किती गरम ठेवायचा?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले तिथे थोडी साफसफाई केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय. ऐकताना आकडे निसटले असतील तर इथून उतरवून घ्या.)

००:०० सुरुवात

हेडफोन लावलेत? बस मिळाली? बसायला जागा मिळाली? मग निवांत ऐका.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. मागे एका भागात मी सहज बोलून गेले की माझ्याकडे एक लेपर्ड गेको आहे, बुंदी नावाची. त्यानंतर इनबॉक्समध्ये जे मेसेज आले त्यातले निम्मे "ई, पाल?" असे होते आणि उरलेले "ताई, टेम्परेचर किती ठेवतेस?" असे. पहिल्या गटाला माझा नमस्कार. आजचा भाग दुसऱ्या गटासाठी आहे.

आणि आधीच सांगते, हा भाग मी शहाणपणा दाखवायला करत नाहीये. तापमानाच्या बाबतीत मी दोन मोठ्या चुका केल्या. एक अज्ञानातून आणि दुसरी, पहिली सुधारायच्या घाईत. दोन्हींची किंमत मी नाही, बुंदीने मोजली. तुमच्याकडून तसं होऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

०१:३० ही बुंदी कोण?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मी शिकायला म्हणून इंग्लंडमध्ये लीड्सला आले आणि नोकरीसाठी तिथेच राहिले. २०२१च्या शरद ऋतूत माझी घरातली मैत्रीण तिच्या देशी परत गेली आणि जाताना तिचा गेको माझ्याकडे सोपवला. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके. मला पहिल्यांदा बघितल्यावर ताटातली बुंदीच आठवली. नाव तिथेच ठरलं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, "अगं, पाल काय पाळायची असते? आपण झाडूने हाकलतो ना तिला!"

आई, आणि आईसारखं वाटणारे सगळे, ऐका. लेपर्ड गेको आपल्या घरातल्या पालीचा लांबचा नातेवाईक आहे, पण तो भिंतीवर चढू शकत नाही. त्याच्या बोटांना ते चिकटणारे तळवे नसतात, साध्या नख्या असतात. आणि त्याला पापण्या असतात. घरातली पाल डोळे मिटत नाही, बुंदी मिटते. झोपेतून उठल्यावर ती हळूच एक डोळा उघडते तेव्हा अगदी सोमवार सकाळची मी वाटते.

हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ भागातला. दिवसभर दगडांच्या फटीत राहतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे तुम्ही आज कॉलेजात असाल तर तुमच्या लग्नात तो असेल, आणि तुमच्या मुलांच्या शाळेच्या पहिल्या दिवशीही असू शकेल. घेण्याआधी हा हिशोब करा.

०३:४० तापमानाचं एवढं कौतुक कशाला?

आता मुद्द्यावर येऊ. आपण थंडी वाजली की कुडकुडतो, गरम झालं की घाम येतो, पण शरीराचं आतलं तापमान ३७च्या आसपासच राहतं. ही उष्णता आपण कुठून आणतो? जेवणातून. आपण खातो त्यातला मोठा भाग स्वतःला गरम ठेवण्यातच जातो.

गेको हे करत नाही. तो उष्णता बाहेरून घेतो, दगडाकडून, जमिनीकडून, उन्हाकडून. म्हणून त्याला थोडं खाणं पुरतं. पण याची दुसरी बाजू अशी की बाहेर उष्णता नसेल तर त्याच्या शरीराची कामंच मंदावतात. सगळ्यात आधी काय मंदावतं? पचन.

विचार करा, गेकोने चार किडे खाल्ले आणि अंग थंडच राहिलं. पोटातले रस नीट काम करत नाहीत. किडे तसेच पडून राहतात, आतच सडायला लागतात. मग एक तर तो ते ओकून टाकतो, किंवा पुढच्या वेळी खातच नाही. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं की "आमचा गेको नखरे करतोय, खात नाही." नखरे नसतात हो. त्याची चूलच विझलेली असते.

लेपर्ड गेको संध्याकाळचा प्राणी. दिवसभर तापलेला खडक सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम राहतो, तो त्यावर पोट टेकवून बसतो. म्हणून या प्राण्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा खोलीच्या हवेचा नाही. पोटाखालच्या जमिनीचा आहे. हे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

०५:५० पहिली चूक: काचेवरचा काटा

मैत्रिणीने टँकसोबत एक गोल काट्याचा थर्मामीटर दिला होता, काचेला चिकटवायचा असतो तो. तो आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात लावलेला होता. टँकखाली हीट मॅट होती. हीट मॅट म्हणजे विजेवर गरम होणारी पातळ चटई, थर्मोस्टॅटशिवाय, थेट प्लगात. आणि मी काय केलं? बुंदीला खणायला आवडेल म्हणून माती आणि वाळूचा जाड, चांगला तीन इंचांचा थर घातला. प्रेमाने.

डिसेंबर आला. काटा दाखवत होता ३०. मी खूश. बुंदीने आधी दोन दिवस खाल्लं नाही. मग खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी टँकमध्ये अर्धवट पचलेले किडे पडलेले. मग पुन्हा काही खाईना. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. निरोगी असेल तर शेपूट गाजरासारखी जाड असते. बुंदीची शेपूट बारीक होत चालली होती. मी रोज काटा बघत होते, ३०, आणि स्वतःला सांगत होते की थंडीत खात नसतील.

शेवटी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वजन केलं. आधी ५८ ग्रॅम होतं, आता ४१. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तापमान किती आहे?"

मी म्हटलं, "३०."

"कुठलं ३०?"

मला प्रश्नच कळला नाही. कुठलं म्हणजे? त्यांनी शांतपणे विचारलं, "हवेचं? काचेचं? की ती जिथे बसते त्या जमिनीचं?"

घरी येताना तापमान मोजायची गन विकत घेतली आणि मोजलं. बुंदीच्या लपायच्या जागेतली माती: २४. आणि तो काटा ३० का दाखवत होता? कारण टँक खोलीतल्या रेडिएटरशेजारी होता आणि काटा त्याच बाजूच्या काचेवर होता. रेडिएटर काच तापवत होता, काटा काचेचं तापमान सांगत होता. आणि रात्री? त्या वर्षी बिलं वाचवायला आम्ही रात्री हीटिंग बंद करायचो. काटा वाचायला तेव्हा कोण जागं होतं?

मॅट चालू नव्हती का? होती. पण हीट मॅट हवा गरम करत नाही, तिला जे टेकलंय तेच गरम करते. वर तीन इंच कोरडी माती म्हणजे गोधडीच की. उष्णता खालीच अडकून राहिली.

०९:१० दुसरी चूक: घाई

त्याच रात्री मी बरीचशी माती काढून टाकली, पातळ थर ठेवला. म्हटलं, झालं काम. आता उष्णता वर येईल. झोपले.

उष्णता आली. नको तेवढी आली. सकाळी बघते तर बुंदी टँकच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या भांड्याला पोट लावून पडलेली. उचलली तर पोटाच्या कातडीवर लालसर चट्टा. गरम बाजूच्या लपायच्या जागेत गन धरली: ४६.

आदल्या दिवसापर्यंत ती काच बहुतेक तेवढीच तापत होती. फक्त वर मातीची गोधडी होती म्हणून मला कळलं नव्हतं. बुंदी खणत खाली गेली असती तर तेव्हाच भाजली असती.

तुम्ही विचाराल, गरम लागल्यावर ती लगेच उठून का गेली नाही? मीही विचारलं. डॉक्टरांनी मला उलटं विचारलं, "टँकमध्ये लपायच्या जागा किती आहेत?" एक. फक्त गरम बाजूला. म्हणजे मी तिला निवड दिली होती: उघड्यावर जा किंवा चटका सोस. लहान प्राण्याला उघड्यावर असणं म्हणजे कोणीतरी आपल्याला खाणार. ती शक्य तेवढा वेळ आतच बसली.

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. दिवसातून दोनदा मलम, मातीऐवजी स्वच्छ टिश्यू पेपर, आणि सतत तापमान बघणं. चट्टा बरा व्हायला दोन वेळा कात टाकावी लागली. आज बुंदी ठणठणीत आहे, ६० ग्रॅम, शेपूट पुन्हा गाजर. पण पोटावर नीट बघितलं तर अजून एक फिकट डाग दिसतो. तो मी मुद्दाम बघते.

११:३० आता आकडे. वही काढा

लेपर्ड गेकोच्या टँकमध्ये *एक* तापमान नसतंच. एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार, आणि मध्ये हळूहळू उतरत जाणारं तापमान. आपलं काम एवढंच की पर्याय द्यायचे. निवड तो करेल. त्याच्याकडे आपल्यापेक्षा चांगला थर्मामीटर आहे.

प्रौढ, निरोगी गेकोसाठी:

- गरम लपायच्या जागेची जमीन: ३१ ते ३३ अंश सेल्सिअस.
- वरून दिवा असेल तर दिव्याखालचा दगड: ३४ ते ३६.
- गार बाजूची हवा: २१ ते २५.
- रात्री: १८ ते २० पर्यंत उतरलं तरी चालतं. त्याच्या मूळ प्रदेशातही रात्री गारच असतात.

रात्रीचा आकडा फक्त निरोगी प्रौढ गेकोसाठी आहे. पिल्लू असेल, आजारी असेल, माझ्या बुंदीसारखं वजन उतरलेलं असेल, तर गरम जागा २४ तास चालू ठेवा.

आणि हे लक्षपूर्वक ऐका. यूट्यूबवर बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. ते म्हणतात, "नाइन्टी ठेवा." ते फॅरनहाइट! ९० फॅरनहाइट म्हणजे ३२ सेल्सिअस. ८८ म्हणजे ३१, ७७ म्हणजे २५, ७० म्हणजे २१. थर्मोस्टॅट विकत घेतलात की तो कुठल्या एककावर आहे ते आधी बघा.

टँक किमान ९० सेंटिमीटर लांब घ्या. ही चैन नव्हे, तापमानाचं गणित आहे. फूटभर डब्यात गरम आणि गार टोक वेगळं राहणारच कसं? सगळा डबा एकसारखा तापतो आणि गेकोला पळायला जागाच राहत नाही.

आणि लपायच्या जागा किमान तीन: एक गरम बाजूला, एक गार बाजूला, आणि मध्ये एक ओलसर, जिच्यात ओलं शेवाळ किंवा ओला टिश्यू असेल. ती कात टाकताना लागते. कात नीट सुटली नाही तर बोटांभोवती दोऱ्यासारखी आवळत जाते आणि बोट गळून पडू शकतं.

१४:०० मोजायचं कशाने?

काचेवर चिकटवायचा गोल काटा: माझ्याकडे आहे अजून, आठवण म्हणून. टँकमध्ये नाही.

लागतात दोन गोष्टी. एक, वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर. प्रोब म्हणजे ते छोटं धातूचं टोक. एक प्रोब गरम बाजूला जमिनीवर, एक गार बाजूला. तो २४ तास बघत राहतो आणि बहुतेकांवर दिवसातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान दिसतं. म्हणजे रात्री तीन वाजता काय झालं ते सकाळी चहा घेताना कळतं.

दोन, टेम्परेचर गन. कोविडच्या काळात मॉलच्या दारात कपाळावर धरायचे ना, तशीच दिसते. पण ती कपाळाची गन घेऊ नका! ती माणसाच्या तापासाठी बनवलेली असते, तिची मोजायची मर्यादा छोटी असते आणि ती आकडा शरीराच्या हिशोबाने बदलून दाखवते. भिंत, यंत्र, तवा अशा कुठल्याही पृष्ठभागाचं तापमान मोजायची साधी गन घ्या. जवळून, वीतभर अंतरावरून धरा. आणि काचेतून मोजू नका. तशी मोजली तर ती आतल्या मातीचं नाही, काचेचंच तापमान सांगते. झाकण उघडा, मग मोजा.

१५:४० तापवायचं कशाने?

दोन पद्धती आहेत, खालून आणि वरून.

*खालून* म्हणजे हीट मॅट. टँकच्या तळाचा साधारण एक तृतीयांश भाग झाकेल एवढीच. पूर्ण तळाखाली नको, नाहीतर गार बाजू उरणार नाही. वर मातीचा थर पातळ. आणि थर्मोस्टॅटशिवाय प्लगात घालायची नाही. कधीच नाही. एक रात्रसुद्धा नाही. एका रात्रीत काय होतं ते मी आत्ताच सांगितलं.

*वरून* म्हणजे हॅलोजन दिवा, किंवा उजेड न देता फक्त उष्णता देणारे सिरॅमिक हीटर वगैरे. वरची उष्णता उन्हासारखी असते, दगड तापवते, हवाही थोडी तापवते. माझ्याकडे आता दिवसा हॅलोजन आहे, त्याखाली सपाट पाटीचा दगड, आणि दगडाखाली बुंदीची गरम गुहा. दगडावर ३५, गुहेत ३२. संध्याकाळी दिवा बंद होतो, दगड हळूहळू निवतो, आणि त्याच वेळी बाईसाहेब बाहेर येऊन त्यावर पसरतात. अगदी तिच्या गावाकडच्या खडकासारखं.

थर्मोस्टॅटही जोडीने निवडावा लागतो. हॅलोजनला डिमिंग प्रकारचा, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखा कमी-जास्त करणारा. चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिव्याला लावलात तर दिवा दिवसभर लुकलुकत राहील आणि लवकर जाईल. सिरॅमिकला पल्स प्रकारचा. मॅटला साधा चालू-बंद करणारा किंवा पल्स, दोन्ही चालतात. कुठलाही दिवा किंवा हीटर आत उघडा ठेवू नका, जाळी हवीच.

आता थर्मोस्टॅटचा प्रोब. ही जागा नीट ऐका, कारण इथे सगळे फसतात. थर्मोस्टॅटला डोळे नाहीत. प्रोब जिथे आहे तेवढंच त्याला जग माहीत. प्रोब घसरून गार बाजूला गेला तर थर्मोस्टॅटला वाटतं टँक थंड आहे, आणि तो तापवत राहतो, तापवतच राहतो. म्हणून प्रोब गरम जागेच्या जमिनीवर पक्का बसवा. चिकटपट्टीने नाही! आतल्या चिकटपट्टीला गेको चिकटतो आणि कातडी सोलून निघते. क्लिपने किंवा वाळलेल्या ग्लू-गनच्या थेंबाने बसवा. आणि थर्मोस्टॅट व थर्मामीटर ही दोन वेगळी यंत्रं ठेवा. एक चुकलं तर दुसरं चुगली करेल.

काय घेऊ नका तेही सांगते. आतून गरम होणारे नकली दगड, ते एखाद्याच ठिकाणी भयंकर तापतात. आणि रात्रीसाठी लाल किंवा निळे दिवे. "गेकोला लाल दिसत नाही" असं दुकानात सांगतात. उजेड तो उजेडच. त्याला रात्री अंधार द्या.

१८:३० थंडी, उन्हाळा आणि वीज गेली तर

प्राणी घरी आणण्याआधी रिकामा टँक निदान दोन दिवस चालवून बघा. सकाळी, दुपारी, रात्री मोजा, आकडे फोनवर लिहून ठेवा. आकडे स्थिर झाले की मगच प्राणी आणा. आपण मात्र नेमकं उलटं करतो. आधी प्राणी, मग यूट्यूब.

आणि एकदा जमलं म्हणून कायमचं जमलं असंही नाही. खोलीचं तापमान बदललं की टँकचं बदलतं. जुलै २०२२मध्ये इंग्लंडच्या इतिहासात पहिल्यांदा पारा ४०च्या वर गेला, १९ तारखेला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ नोंदलं गेलं. नागपूरकर आणि जळगावकर हसतील मला, हसा. पण इथल्या घरात ना पंखा ना एसी, घरं उष्णता धरून ठेवायलाच बांधलेली. थर्मोस्टॅटने त्याचं काम केलं, दिवा बंद केला. पण तो थंड थोडीच करतो? गार बाजू ३१ला पोचली होती.

मग टँक टेबलावरून उतरवून जमिनीवर ठेवला, पडदे दिवसभर बंद, जाळीच्या झाकणाच्या अर्ध्या भागावर ओला पंचा, आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाला. अर्धा भाग मोकळा, हवेसाठी. गार बाजू २७ला आली. नुसत्या हवेनेच ३५ गाठली की हा प्राणी धोक्यात असतो, वाळवंटाच्या जवळचा असला तरी. कारण वाळवंटातही तो दुपारी उन्हात नसतो, जमिनीखाली असतो.

आता उलट बाजू. वीज गेली आणि थंडी आहे. घाबरू नका, निरोगी प्रौढ गेको काही तास सहज काढतो. टँकवर चादर टाका. फार वेळ लागणार असेल तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून टँकच्या *बाहेरून* लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टँक थंड असताना खाऊ घालू नका. "बिचारी गारठलीय, काहीतरी खाऊ दे" हे आईचं प्रेम इथे उपयोगाचं नाही. आधी ऊब, मग जेवण.

२१:१० यंत्र नसताना गेकोला वाचा

आकडे झाले. पण रोज संध्याकाळी दोन मिनिटं प्राण्याकडेही बघा.

गरम गुहेतून दिवसरात्र हलतच नाही? बाकीचा टँक फार गार असेल. सतत गार टोकाला, पाण्याच्या भांड्याला चिकटून? गरम बाजू मोजा, आत्ता, लगेच. तोंड उघडं ठेवून धापा टाकतोय? तापमान जास्त झालंय. उष्णता बंद करा, गार बाजूला न्या, आणि डॉक्टरांना फोन. खाल्लेलं ओकतोय, शेपूट बारीक होतेय? आधी जमिनीचं तापमान मोजा, आणि ते बरोबर असलं तरी डॉक्टरांकडे जा. सगळेच आजार तापमानाचे नसतात.

किचनमधला छोटा वजनकाटा घ्या, आठवड्यातून एकदा वजन लिहा. माझ्याकडे त्या डिसेंबरात वजनाची नोंद असती तर ५८ची ५५ झाली तेव्हाच मी जागी झाले असते, ४१ला नाही.

२२:४० एक भन्नाट गोष्ट

तापमान या प्राण्यासाठी किती मोठी गोष्ट आहे ते सांगते. आपल्यात मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवतात. लेपर्ड गेकोमध्ये ते अंडं किती उबेत वाढलं त्यावर ठरतं! २६ अंशांच्या आसपास ठेवलं तर जवळजवळ सगळ्या माद्या. ३२-३३च्या सुमारास बहुतेक नर. आणि आणखी वर, ३४-३५ला गेलात तर पुन्हा बहुतेक माद्या. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. एखाद-दोन अंशांनी ज्याचं नर-मादी असणं बदलतं, त्याच्यासाठी "अंदाजे गरम आहे" हे पुरेसं कसं असेल?

२३:५० तुमचा प्रश्न

एक मेसेज वाचून दाखवते. साताऱ्याजवळच्या एका गावातून आपल्या एका श्रोत्याने फोटो पाठवलाय. "ताई, आमच्या शेतातल्या बांधावर हा सापडला, बुंदीसारखाच दिसतो. गावातले म्हणतात विषारी आहे, मारून टाका. मी डब्यात ठेवलाय. पाळू का? टेम्परेचर किती ठेवू?"

मित्रा, आधी तुझे आभार, कारण तू मारला नाहीस. त्याला विष नाही. महाराष्ट्रात आणि गुजरातेत बुंदीचा सख्खा चुलतभाऊ राहतो, पश्चिम भारतीय लेपर्ड गेको. सातपुड्यातली एक वेगळी जात तर संशोधकांनी २०१४मध्ये पहिल्यांदा जगापुढे मांडली. म्हणजे आपल्या बांधावर, आपल्या डोंगरात जे फिरतंय ते अजून पूर्ण ओळखलंही गेलेलं नाही.

आणि उत्तर: नाही, पाळू नकोस. संध्याकाळी जिथे सापडला त्याच बांधावर सोड. रानातला प्राणी पकडून ठेवणं हा वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहेच, शंका असेल तर वनविभागाला विचार. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचेही भारतात नियम आहेत, कोणाला विकत घ्यायचा असेल त्याने तेही आधी विचारावं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, त्याच्या पोटाखाली आत्ता जो दगड आहे, तो तुझ्या-माझ्या कुठल्याही थर्मोस्टॅटपेक्षा जास्त बरोबर आहे. आम्ही इथे हजारो रुपये खर्चून तोच दगड बनवायचा प्रयत्न करतोय.

जमलं तर गावातल्या दोघा-तिघांना सांग की हा विषारी नाही. एवढं केलंस तरी खूप झालं.

२६:०० जाता जाता

तर मंडळी, एवढं लक्षात ठेवा. जमिनीचं तापमान मोजा, हवेचं नाही. दोन टोकं, दोन तापमानं, आणि दोन्हीकडे लपायला जागा. थर्मोस्टॅटशिवाय काहीही प्लगात नाही. प्रोब पक्का. थंडीत जेवण नाही. प्राणी आणण्याआधी टँक तयार.

आणि कोणी तुम्हाला विचारलं "तापमान किती आहे?" तर आकडा सांगण्याआधी स्वतःला डॉक्टरांचा प्रश्न विचारा, "कुठलं?"

परवा आईने फोनवर विचारलं, "ती तुझी पाल जेवली का गं?" म्हटलं, जेवली. तर म्हणते, "गरम आहे ना तिला?" मी म्हटलं, "आई, ३२." ती म्हणाली, "कुठे, वर की खाली?"

आई शिकली. तुम्हीही शिकाल. तुमच्या टँकचे फोटो आणि आकडे पाठवा, पुढच्या भागात काहींवर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि ज्यांना तुम्ही घरी आणलंय त्यांची. भेटूया!